‘आधी इंग्रजी पक्कं करा, मग संशोधन लिहा’ हा सल्ला का पटत नाही

संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो: आधी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवा, मगच शोधनिबंधाला हात घाला; शब्द भारदस्त वापरा; ‘आम्ही’ चुकूनही लिहू नका; भाषण शब्दन् शब्द पाठ करा. चांगल्या हेतूनेच तो पुढे पाठवला जातो. पण त्यापायी किती कामं खणात पडून राहतात हे पाहिलंय, म्हणून उत्तर देतोय.

‘आधी प्रभुत्व.’ अडचण खरी आहे, ती नाकारत नाही. २०२३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या संशोधन नियतकालिकात आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण संशोधकांची पाहणी आली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेवरून नाकारले जाण्याचं प्रमाण त्यात सुमारे अडीच पट होतं. हा अन्याय आहे. पण यावर थांबून राहणं हा उपाय नव्हे, कारण शोधनिबंधाचं इंग्रजी निबंध लिहितानाच येतं. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांनाही ते वेगळं शिकावं लागतं. भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये प्रस्तावनेची तीन पावलं दाखवली: विषय का महत्त्वाचा, आजवरच्या कामात काय राहून गेलं, आणि आपण त्यातलं काय करतोय. ही पावलं आधी मराठीत जुळवा, काही बिघडत नाही. आपल्या विषयातले पाच निबंध घेऊन प्रत्येक परिच्छेद नेमकं काय काम करतो ते समासात मराठीत लिहा. व्याकरणाच्या पुस्तकाने मला दिलं नाही ते या सवयीने दिलं.

‘भारदस्त शब्द.’ ‘यूज’ने भागत असताना ‘युटिलाइझ’ कशाला? खरी काळजी घ्यायची ती ‘सिग्निफिकंट’सारख्या शब्दांची. संख्याशास्त्रीय चाचणी केलेली नसताना तो नुसता ‘मोठा’ या अर्थाने लिहिला, तर परीक्षक हमखास अडवतो. नामाआधी राहून गेलेला इंग्रजी ‘द’ सहकारी मिनिटभरात घालून देईल. दावा किती ठाम करायचा हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य चार ओळींचं होतं. मराठीच्या सवयीने कारणं, अटी, अपवाद सगळं आधी आणि क्रियापद पार शेवटी. इंग्रजी वाचक कर्त्यामागोमाग क्रियापद शोधतो. मी त्याची तीन वाक्यं केली: काय मोजलं, काय दिसलं, त्यावरून काय वाटतं. शेवटच्यात ‘प्रूव्ह्ज’ खोडून ‘सजेस्ट्स’ लिहिलं. वाक्य साधं झालं आणि खरंही झालं.

‘आम्ही नको.’ वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध ‘वी विश टु सजेस्ट’ असाच सुरू होतो. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने तो छापला. तुम्ही निबंध जिथे पाठवणार त्या नियतकालिकाच्या सूचना वाचा, तेवढं पुरे.

‘भाषण पाठ करा.’ एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पाठ करायचीच तर पहिली दोन वाक्यं आणि एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारी वाक्यं करा. स्लाइडला ‘रिझल्ट्स’ असं मोघम शीर्षक देण्यापेक्षा निष्कर्षाचं पूर्ण वाक्य द्या. तुम्ही अडखळलात तरी श्रोता ते वाचून सोबत राहतो. आलेख आला की आधी आडवा अक्ष, मग उभा, मग कुठल्या रेषेकडे पाहायचं ते सांगा. आणि प्रश्न कळला नाही तर घाबरून भलतंच उत्तर देऊ नका. ‘डू यू मीन’ म्हणून तो आपल्या शब्दांत परत विचारा. विचारणारा बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तो अधिक सोपा करून विचारतो.