शशिकला नुसते डोळे वटारायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

हिंदी सिनेमातल्या अभिनेत्री शशिकलावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तिने लहानपणीच सोलापूर सोडलं, रंगभूमीशी तिचा काही संबंध नाही, हिंदीत जन्मभर निस्ते डोळे वटारले आणि दुसऱ्यांची घरं फोडली. तिला ‘सोलापूरची लेक’ म्हणून मिरवण्यापेक्षा आपल्या सोलापूरच्याच गायिका-अभिनेत्री फैय्याजबाईंवर लिहायला हवं होतं. रागाने लिहिलंय, पण तो राग गावाच्या मायेपोटी आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून पळ काढत नाही.

सोलापूर तिने सोडलेलंच नाही हो. तिला नेलं. १९३२ साली इथे जन्मलेली जवळकरांची ही मुलगी. वडील कापडाच्या धंद्यात, घर सुखवस्तू. पाच वर्षांची असल्यापासून ती जिल्ह्यात ठिकठिकाणी नाचायची, गायची, कामं करायची. मग धंदा बसला. वडिलांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं, कारण ही पोर दिसायला छान, अंगात गुण आहेत, सिनेमात चार पैसे मिळवेल असा हिशेब होता. त्या वयाची पोर काय ठरवणार? गिरण्या बंद पडल्यावर आपल्याकडची कितीतरी घरं पुण्या-मुंबईला गेली, त्यांना आपण परके म्हणत नाही. आणि रंगभूमीचं म्हणाल तर कॅमेरा पाहण्याआधी तिने समोर बसलेली माणसं पाहिली होती. नाटक कंपनीतली रीतसर तालीम नव्हे ती, पण भीड चेपली ती तिथेच.

मुंबईत नूरजहाँच्या नजरेत आली आणि ‘झीनत’मधल्या (१९४५) बायकांच्या कव्वालीत बसली. दिग्दर्शक नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी. फाळणीनंतर ते दोघं पाकिस्तानात गेले आणि हिच्या पाठीवरचा हात गेला. पुढची बरीच वर्षं मिळेल ते काम. शांतारामबापूंचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) त्यातलाच. नायिका म्हणून जम बसला नाही. हे सगळं मूळ लेखात आहे, पुन्हा उगाळत नाही.

आपला खरा वाद डोळे वटारण्याबद्दल आहे. १९५९ चा ‘सुजाता’ काढून बघा. घरची सख्खी मुलगी रमा म्हणजे शशिकला, आणि त्याच घरात वाढलेली दलित मुलगी सुजाता म्हणजे नूतन. रमासाठी बघितलेला मुलगा सुजातावर जीव लावतो. आपल्या नेहमीच्या सिनेमात या जागी रमाने जळायला हवं, टोमणे मारायला हवेत. बिमल रॉयनी ते लिहून घेतलं नाही आणि शशिकलाने ते चेहऱ्यावरही येऊ दिलं नाही. लाडात वाढलेली, थोडी उथळ, पण मनाने स्वच्छ मुलगी तिने केली. ती घरभर बागडते, मोकळं हसते, म्हणून नूतनचं गप्प राहणं आपल्याला बोचतं. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुपमा’त (१९६६) पुन्हा तेच. शर्मिला जवळजवळ अबोल, आणि ॲनी झालेली शशिकला वाऱ्यासारखी. समोरच्या बाईची शांतता ऐकू यावी म्हणून इतकं मोजून बडबडणं सोपं नसतं. टाळ्या अर्थातच त्या गप्प बसणारीला मिळतात!

गंमत बघा, त्याच १९६६ मध्ये ‘फूल और पत्थर’ आला. नायक ‘अनुपमा’तलाच, धर्मेंद्र, आणि ही हातात ग्लास घेऊन नाचणारी रीटा. एकाच वर्षातल्या या दोघींमध्ये डोळे वटारणारी नक्की कोणती?

आता घरं फोडण्याविषयी. राजश्री प्रॉडक्शन्स या कंपनीने स्वतः काढलेला पहिला सिनेमा ‘आरती’, १९६२ चा. मीनाकुमारीच्या जावेचं काम शशिकलाचं. ही जाऊ राक्षसीण नाही. स्वयंपाकघरातून घर चालवणारी, दुसरीची चूक टिपून ठेवणारी बाई आहे. प्रेक्षकांना तिची चीड आली कारण ती ओळखीची होती. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक त्यासाठी मिळालं. पुढच्याच वर्षी ‘गुमराह’साठी पुन्हा तेच. ‘गुमराह’चं रहस्य आता साठ वर्षांनी फोडलं तर चालेल: माला सिन्हाला धमकावून पैसे उकळणारी लीला ही अशोककुमारची, म्हणजे तिच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी निघते. म्हणजे शशिकला खलनायिकेचं सोंग वठवणाऱ्या पगारी बाईचं काम करतेय! शेवट माहीत असताना तो सिनेमा पुन्हा बघा. पैसे मागतानाचा तिचा तोरा किंचित जास्त आहे. पहिल्या वेळी तो माज वाटतो, दुसऱ्या वेळी नोकरी.

एवढं मात्र कबूल करायला हवं की ‘आरती’ चालल्यावर निर्मात्यांना प्रत्येक घरात अशी एक बाई हवी झाली. तिला तेच तेच देण्यात आलं आणि तिने ते घेतलं. त्यातले काही सिनेमे मलाही बघवत नाहीत. पण पोटासाठी लहानपणी कामाला लागलेल्या बाईने नाही म्हणायला शिकावं, अशी अपेक्षा आपण घरात बसून करतो. मराठीत तिने थोडंच काम केलं, हेही खरं. त्यासाठी तिला दोष द्यायचा की तिला न बोलावणाऱ्यांना, ते तुम्हीच ठरवा. मधल्या काळात ती मदर तेरेसांच्या संस्थेत सेवेला गेली, त्यावर तुम्ही ‘प्रसिद्धी’ लिहिलंय. प्रसिद्धी हवी असलेली नटी सेटवर राहते, रुग्णांमध्ये जात नाही. पद्मश्री मिळाली २००७ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली.

राहिल्या फैय्याजबाई. त्यांच्यावर लिहायचंच आहे, पण शशिकलाला खाली ओढून नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकात वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसमोर त्यांची मुलगी झरीना उभी करायची म्हणजे गळा आणि अभिनय दोन्ही लागतं. २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा तुमच्याइतकाच मीही खूश होतो. माझी अडचण एवढीच की मूळ संचातला ‘कट्यार’ मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर झरीनाच्या कामाबद्दल जे आठवतं ते इथेच खाली सविस्तर लिहा. गाण्याबद्दल सगळे लिहितात. गाणं संपल्यावर बाई रंगमंचावर काय करायच्या, ते मला हवंय.