कूलर ओढला आणि प्रोसेसरच हातात आला

काल पीसीच्या प्रोसेसरवर बसवलेला कूलर (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा) काढायला गेलो, तर खाली चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर आला. सॉकेटची दांडी लॉक होती तरीही! पाच वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात तो उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून सिमेंट झाली होती. उलटा करून बघतो तर कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या. मग शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर बसवलं आणि श्वास रोखून त्या उभ्या केल्या. पीसी चालू झाला एकदाचा. (असा कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ दामटून गरम करावा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवावा. हे मला माहीत होतं, कंटाळा केला.)

या निमित्ताने जुनी तक्रार. पीसी तापला की लोक लगेच मोठा कूलर नाहीतर नळ्यांतून पाणी फिरवणारा कूलर शोधतात. पण उष्णता पंख्यापर्यंत पोचायच्या आधीच अडलेली असते, त्याचं काय? तांब्याची उष्णतावाहकता 400 (वॅट प्रति मीटर-केल्विन) च्या आसपास धरली, तर बहुतेक पेस्टची दहाच्याही खाली आणि हवेची 0.025. म्हणजे पेस्ट फक्त धातूच्या खाचांमधली हवा हाकलण्यापुरती. जाड थापली की ती गोधडीच झाली.

आणि हा झाला वरचा थर. आपण ज्याला प्रोसेसर म्हणतो ते निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं झाकण असतं. चिप त्याच्या खाली, आणि मधे आणखी एक थर, जो आपल्या हातात नाही. इंटेलच्या 2011 च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांमध्ये तिथे सोल्डर (वितळवून जोडलेला धातू) होतं. 2012 च्या आयव्ही ब्रिजमध्ये पेस्ट आली. लोक ब्लेडने झाकणं उचकटून आत लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रवरूप धातू) भरायला लागले. लहान चिपवर सोल्डरला तडे जातात, असं समर्थन तेव्हा ऐकू यायचं. मग 2018 मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेल्सना सोल्डर परत कसं आलं? मला तरी मधली ती पेस्ट म्हणजे काटकसरच वाटते.

झाकणाला मात्र नावं ठेवणार नाही. 2000 च्या सुमारास डेस्कटॉपच्या चिपही उघड्या असायच्या आणि कूलरची क्लिप दाबताना सिलिकॉनचा कोपरा उडायचा. माझ्या हाताचा धसमुसळेपणा बघता तेव्हा मी किती मारल्या असत्या कोण जाणे.

असो. जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. काल 91 अंशांना टेकणारं तापमान आज 74 च्या वर गेलं नाही, पंखा तोच. तिसरी पिन अजून जराशी तिरकी आहे, पण आता तिला हात लावायची माझी हिंमत नाही.