चाळीस किलोचा कंटाळा

व्यायामशाळेतला पहिला महिना कुणीही काढतो. बूट नवे असतात, बाटली नवी असते, दंड दुखत असले तरी ते चारचौघांत मिरवण्यासारखं दुखणं असतं. खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात. पहाटे साडेपाचला गजर होतो आणि आठवतं, आजही तोच रॉड, तेच 40 किलो, तेच दहा, मग थांबा, मग परत तेच दहा. आता दुखत काही नाही आणि वाढलेलंही काही दिसत नाही. अशा वेळेसाठी खान्देशात एक वाक्य तयारच असतं, "आज ऱ्हाऊ दे भो." धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून व्यायामशाळांत जेवढ्या प्लेटा असतील, त्यांहून जास्त वजन या एका वाक्याने आजवर जमिनीवरच ठेवलं असेल.

स्पष्टच सांगतो, वजनाचा व्यायाम कंटाळवाणा आहे. त्यात फार मजा असते असं सांगणाऱ्याला बहुधा वर्षाची फी आगाऊ हवी असते. जळगावच्या मेहरूण तलावाला चक्कर मारणाऱ्याला पाणी दिसतं, ओळखीचे भेटतात, कुणाच्या घराचा स्लॅब पडला ते कळतं. क्रिकेटमध्ये निदान भांडण तरी होतं. इथे वजन उचलायचं आणि उचललं तिथेच ठेवायचं. नववीच्या विज्ञानाने हिशेब मांडला तर रॉड मूळ जागी परत आला, म्हणजे त्याच्यावर झालेलं एकूण कार्य शून्य. या शून्यासाठी फी भरायची, आणि घाम पुसायचा रुमालही घरून न्यायचा.

कंटाळा आला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे व्यायाम बदलतात. सोमवारी मोबाइलवर दिसलेला एक प्रकार, पुढच्या सोमवारी दुसरा. यात आठवडा छान जातो, ताकद मात्र जागची हलत नाही. कारण कुठलाही नवा व्यायाम सुरू केला की पहिले काही आठवडे स्नायू वाढण्यापेक्षा मज्जासंस्था ती हालचाल शिकत असते. कुठला स्नायू कधी ताणायचा, कुठला ढिला सोडायचा, हे बसायला वेळ लागतो. शिकून होतं न होतं तोच व्यायाम बदलला, तर माणूस वर्षभर पहिलीतच बसतो, फक्त दर आठवड्याला वेगळ्या शाळेत.

आरसाही याच काळात दगा देतो. सुरुवातीला उचललेलं वजन भराभर वाढतं, पण शर्टाच्या बाह्या होत्या तेवढ्याच सैल राहतात. आरशावर भरवसा ठेवणारे बरेचसे इथेच गळतात.

दक्षिण इटलीतल्या क्रोटन या ग्रीक वसाहतीत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात मायलो नावाचा पहिलवान होऊन गेला. ऑलिंपिकमध्ये सहा वेळा जिंकलेला गडी. त्याची दंतकथा अशी, की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासराचा बैल झाला तरी मायलो त्याला उचलतच होता. ही कथा सगळेच प्रशिक्षक सांगतात, पण तिच्यातली खरी सोय कुणी सांगत नाही. वजन कधी आणि किती वाढवायचं, हे लक्षात ठेवायचं काम मायलोकडे नव्हतंच. ते वासरू परस्पर करत होतं, चारा खाऊन. आपला रॉड चारा खात नाही. परवा 40 किलो होता, आज 40 आहे आणि आपण काही केलं नाही तर पुढच्या आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, 40 च असेल. कंटाळा व्यायामाचा नसतोच, या न वाढणाऱ्या चाळिसाचा असतो.

म्हणून वासराचं काम वहीला द्यावं. वही साधी, खिशात मावणारी. मोबाइलमध्ये नोंद करायला गेलं की हात आपोआप दुसरीकडे जातो आणि सेटऐवजी कुणाच्या तरी हळदीचे फोटो बघून होतात. वहीत एका ओळीत तारीख, व्यायाम, वजन आणि प्रत्येक सेटला, म्हणजे न थांबता मारलेल्या एका फेरीला, किती झाले ते आकडे, एवढंच लिहायचं. समजा लिहिलंय, "स्क्वॉट 40 : 10, 9, 8." म्हणजे 40 किलोचा रॉड खांद्यावर घेऊन बैठका, तीन सेट. बास. पुढच्या वेळी पान उघडलं की शेवटचा तो 8 आपल्याकडे बघत असतो. आज त्याचा 9 करायचा. 12, 12, 12 झाले की वजन अडीच किलोने वाढवायचं आणि परत 8 च्या आसपास उतरायचं. तिथून पुन्हा चढण. या पद्धतीत नुसतं "व्यायाम करून येतो" असा दिवसच उरत नाही. रोज एक क्षुल्लक, पण नेमकी भानगड असते. मला विचाराल तर साखरझोप मोडायला प्रेरणेपेक्षा अशी भानगड जास्त कामाची.

समासात दोन शब्द लिहायला जागा ठेवा. "काल हळद होती", "झोप चार तास", "गुडघा कुरकुरला". दोन महिन्यांनी मागे बघितलं की कळतं, ताकद कमी झाली असं वाटलं ते सगळे दिवस हळदीच्या दुसऱ्या सकाळचे होते.

आता प्लेटांकडे येऊ, कारण इथेच घोडं पेंड खातं. गावाकडच्या बहुतेक व्यायामशाळांत सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो वाढले. स्क्वॉटला ते एकवेळ चालतं. पण जो बेंचवर आडवा होऊन छातीवरून 30 किलो वर दाबतोय, त्याला 35 म्हणजे एका दमात 17 टक्के वाढ. पगार कुणी असा वाढवत नाही, छाती कशी वाढवेल? रॉड छातीवर बसतो, बाजूचा धावत येतो आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून माणूस सहा महिने 30 वर मुक्काम करतो. यावर उपाय सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी. व्यायामशाळेत ती असलीच तर दाराला अडण म्हणून लावलेली सापडेल, नाहीतर सरळ स्वतःची घ्यावी आणि पिशवीत ठेवावी. घेताना मधलं भोक मोजा. ऑलिंपिक रॉडची टोकं 50 मिलिमीटर जाडीची असतात, साध्या रॉडची साधारण 28 ते 30. साध्या भोकाची प्लेट ऑलिंपिक रॉडवर चढतच नाही, आणि ऑलिंपिकची प्लेट साध्या रॉडवर डुगडुगते.

रॉडचंही वजन धरायचं असतं, हे पुष्कळांच्या गावीच नसतं. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 20 किलोचा, बायकांचा 15 चा. साधा रॉड किती किलोचा ते लांबी-जाडीवर अवलंबून, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून बघावा. नाहीतर सुट्टीत पुण्याच्या व्यायामशाळेत गेल्यावर "इथे माझी ताकद कशी घटली?" असं कोडं पडतं.

व्यायामशाळाच नसेल तरी वासराची सोय होते. पाण्याचा 20 लिटरचा जार घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात कुणी मापात पाप करू शकत नाही. दहा लिटरपासून सुरू करा, छातीशी धरून बैठका मारा, आणि आकडे जमले की अर्धा लिटर वाढवा. अर्धवट भरलेल्या जारात पाणी हिंदकळतं, त्यामुळे दहा लिटरही वाटतात त्यापेक्षा जड जातात. झाकण मात्र घट्ट बसवा. फरशीवर पाणी सांडलं तर त्या घरात तो व्यायामाचा शेवटचा दिवस ठरू शकतो.

सेट किती? अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना वाढत्या वजनाचा व्यायाम दिला आणि 1945 साली त्यावर लिहिलं. सुरुवातीला ते दहा-दहाचे सात ते दहा सेट करवून घेत. 1948 पर्यंत त्यांनी ते तीनवर आणले, कारण एवढे लागतच नाहीत असं त्यांना आढळलं. खुद्द लष्कराच्या डॉक्टरने सूट दिलेली असताना आपण छातीचे अठरा सेट का मारतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. ताकदीच्या व्यायामापुरतं जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना व्यायाम द्या, एवढंच म्हणते. एक बैठकीचा प्रकार, एक ढकलायचा, एक ओढायचा, एक कमरेतून वाकून उचलायचा. चार व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, की घर.

हे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं काम. मग लोक दोन तास आत काय करत असतात? विश्रांती. मोठ्या व्यायामाच्या दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं, लहान व्यायामाला मिनिट-दीड मिनिट पुरतं. पण जळगावात बेंचवर बसलेल्या माणसाला कुणीतरी सोन्याचा भाव विचारतो. सोन्यावरून गोष्ट कापसावर जाते, कापसावरून केळीवर, आणि रावेरच्या केळीला काय भाव फुटला हे ठरेपर्यंत अंग गार पडलेलं असतं.

"आप्पा, किती सेट बाकी तुमचे?"

"दोनच."

हे दोनच तासाभरापूर्वीही दोनच होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. दुसरा उपाय जोडसेटचा. ढकलायचा एक सेट, मग थोडं थांबून ओढायचा एक. एकाचे स्नायू राबतात तेव्हा दुसऱ्याचे आराम करतात, आणि गप्पांना फट राहत नाही. संध्याकाळच्या गर्दीत मात्र दोन मशीन अडवून ठेवू नका, त्यातून होणारं भांडण वेगळा व्यायाम देतं. एकच डंबेलची जोडी घेऊन छातीचं दाबणं आणि एका हाताने ओढणं, दोन्ही तिथल्या तिथे होतं.

आणि प्रत्येक सेट डोळे पांढरे होईपर्यंत मारू नये. आणखी एक-दोन निघाले असते, अशा ठिकाणी रॉड ठेवावा. रोज जीव जाईपर्यंत मारणाऱ्याला पुढच्या खेपेची धास्ती बसते, आणि त्या धास्तीला तो कंटाळा म्हणतो. लागोपाठ तीन खेपा आकडा हललाच नाही, तर वजन दहा टक्के उतरवून पुन्हा चढावं. सहा-आठ आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्यावा. व्यायाम बदलायची हौसही तेव्हाच भागवावी, तीही चुलत भावंडांत. म्हणजे साध्या स्क्वॉटऐवजी पुढे रॉड धरून, किंवा एक पाय मागे बाकावर ठेवून.

आता कॅलेंडर. संक्रांत झाली की लग्नं, मग आखाजीची पुरणपोळी आणि आमरस, श्रावणात कानबाईचे रोट, पुढे नवरात्र, दिवाळी, आणि थंडीत शेतावर भरीत पार्टी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून पार्टीला नाही म्हणणं म्हणजे जिल्ह्याचा अपमान. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2010 साली सवयींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाला 254. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. भरिताला जा, खुशाल जा. फक्त लागोपाठ दुसरी खेप चुकवू नका.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2014 चा प्रयोग तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. उत्कंठावर्धक कादंबऱ्या फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळतील अशी सोय केलेले लोक सुरुवातीला इतरांपेक्षा 51 टक्के जास्त वेळा आले. मग मध्ये सणाची सुट्टी पडली आणि सगळा उत्साह ओसरला. तिकडे त्या सणाला टर्की खातात. इकडे मांडे. एखादी ऐकायची मालिका व्यायामापुरती राखून ठेवा, पण सण संपल्यावर तीच मालिका पुन्हा लावायचं ध्यानात असू द्या.

सुट्टीनंतर परतणाऱ्याचं स्वागत ठरलेलं असतं. "काय भो, कथा व्हता इतला दिन?" म्हणजे कुठे होतास इतके दिवस. या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस जुनंच वजन लावतो. ते उचललंही जातं, आणि घात तिथेच होतो. स्नायूंची ठणक बारा ते चोवीस तासांनी चढायला लागते, दोन-तीन दिवस मुक्कामाला असते आणि वजन वर नेताना नव्हे, खाली आणताना जास्त कमावली जाते. त्यात मधे जमिनीवर बसायची पंगत निघाली की बघा. बसणं जमतं, कारण ते सुटून खाली येणं असतं. वरण-बट्टी वाढली जाते, आग्रह होतो. मग शेजारचा उठतो, समोरचा उठतो, आणि हा एक हात जमिनीला, दुसरा चुलतसासऱ्यांच्या खांद्याला लावून विचार करत असतो. दोन आठवड्यांहून मोठा खाडा पडला तर दहा ते वीस टक्के कमी वजनापासून सुरू करावं. आठ-पंधरा दिवसांत गेलेलं परत येतं.

मे महिन्याबद्दल थोडक्यात. भुसावळचा पारा 45 कडे गेला आणि वर पत्रा असला, तर पहाटे सहाच्या आत आवरा. त्या दिवसांत सेटमध्ये दोन कमी निघाले तर समासात "ऊन" लिहा आणि सोडून द्या. घामाने रॉड सुटतो म्हणून हाताला अंगाची पावडर लावणारे असतात. तिने हात आणखी घसरतो. पकडीसाठी लागतो तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू. तो नसेल तर कोरडं फडकं बरं.

राहिलं खाणं. आपल्याकडे सगळ्यावर उपाय केळं. पण एका केळ्यात प्रथिनं असतात जेमतेम ग्रॅमभर. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1.6 ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा उपयोग होतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96. केळ्यांवर भागवायचं तर रोज साडेसात-आठ डझन लागतील. त्यापेक्षा कळण्याची भाकरी, तिच्यात उडीद असतोच, घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दही, आणि घरात चालत असतील तर अंडी. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25. केळं व्यायामाच्या अर्धा तास आधी खावं, तेवढ्यापुरती साखर बरी मिळते. साल बेंचखाली सरकवू नये. पाठीमागून 40 किलो घेऊन कुणीतरी येत असतं.