‘कुष्ठरोग्यांची खिडकी’ कुष्ठरोग्यांची होती का?

इंग्लंडमधील जुन्या पॅरिश चर्चच्या छायाचित्रांबरोबर एक मजकूर हमखास फिरतो: चान्सलच्या, म्हणजे वेदीकडील भागाच्या, भिंतीत खाली असलेल्या लहान खिडकीतून प्रवेश नाकारलेले कुष्ठरोगी मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, पाहत आणि धर्मगुरू तेथूनच त्यांच्या हातावर पवित्र भाकर ठेवीत.

आधी पाहण्याचा मुद्दा घेऊ. ही खिडकी बहुधा चान्सलच्या दक्षिण भिंतीच्या पश्चिम टोकाला असते आणि वेदी पूर्व टोकाला, त्यामुळे बाहेरून वेदी जेमतेम तिरकी दिसते, कित्येक ठिकाणी दिसतच नाही. शिवाय अनेक खिडक्यांना काच नव्हती. बाहेर लोखंडी गज आणि आत लाकडी झडप असे, आणि त्या झडपेच्या बिजागरीच्या खुणा काही चौकटींत आजही दिसतात. झडप उघडायची की नाही, हे आतला माणूस ठरवी. १२८१ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकॅम यांच्या लॅम्बेथ येथील धर्मपरिषदेने आदेश दिला की, भाकर उंचावताना घंटा वाजवावी, म्हणजे शेतात किंवा घरात असलेल्यांना गुडघे टेकता येतील. झडप उघडून हातघंटा वाजवण्याची कल्पना या रचनेशी चांगली जुळते, जरी प्रत्येक खिडकीबाबत ती सिद्ध झालेली नसली तरी.

भाकरीचा मुद्दा तर त्याहून कच्चा आहे. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने सामान्य भाविकावर वर्षातून किमान एकदा, ईस्टरला, ती घेण्याचे बंधन घातले, आणि धडधाकट माणसेही बहुधा तेवढ्यावरच थांबत. ती जिभेवर दिली जाई. गजांमधून हे कसे साधणार?

कुष्ठरोग्यांना दूर ठेवले जाई, हे मात्र खरे. १३४६ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने त्यांना लंडनबाहेर काढण्याचा हुकूम दिला होता. पण म्हणूनच त्यांची सोय वेगळी होती. ११७९ च्या लॅटरन परिषदेने एकत्र राहणाऱ्या रोग्यांना स्वतःचे चर्च, दफनभूमी आणि धर्मगुरू ठेवण्याची मुभा दिली, आणि कँटरबरीजवळच्या हार्बलडाऊन येथे तर आर्चबिशप लॅनफ्रँकने ११ व्या शतकातच त्यांच्यासाठी रुग्णालय स्थापले होते. तेथील चर्च अजून उभे आहे.

याच मजकुरात चान्सलच्या कमानीशेजारची तिरकी आरपार भोकेही कुष्ठरोग्यांच्या नावावर घातली जातात. ती आतल्या भिंतीत असतात! बाजूच्या वेदीवरील धर्मगुरूला किंवा कडेच्या भागातील लोकांना मुख्य वेदी दिसावी, एवढाच त्यांचा हेतू. सरे परगण्यातील शिअर येथे चान्सलच्या बाहेरच्या उत्तर भिंतीत दोन छिद्रे आहेत खरी, पण ती १३२९ मध्ये स्वेच्छेने कोठडीत बंदिस्त झालेल्या ख्रिस्टीन कार्पेंटर या व्रतस्थ स्त्रीशी जोडली जातात.