सत्काराचे फोटो कमी, पुस्तकं जास्त दाखवा

वाचनालयांनी फेसबुक-व्हॉट्सॲपवर यावं, हे एका लेखात वाचलं आणि मनापासून पटलं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. अशा शहरात वाचक कमी नाहीत, त्यांच्यापर्यंत बातमी पोचायला हवी. पण वाचनालयांच्या पानांवर बहुतेक वेळा सत्कार आणि सणांच्या शुभेच्छाच दिसतात! त्याऐवजी नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाका, मलपृष्ठावरचा मजकूर टाका. व्हॉट्सॲपवर ग्रुपपेक्षा चॅनल बरं, सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. बायकांना हे फार महत्त्वाचं वाटतं. मात्र चॅनलवर वाचकाला प्रश्न लिहिता येत नाही, म्हणून ‘अमुक पुस्तक आहे का?’ विचारायला वेगळा नंबर हवाच, आणि उत्तर त्याच दिवशी मिळावं. हे काम ग्रंथपालाच्या माथी फुकट मारू नका, त्याचा मोबदला द्या.