गॅस संपला असेल

मागच्या मे महिन्यात आमच्या गाडीच्या एसीने गरम हवा फेकायला सुरुवात केली, तीही ऐन नवतपात. नागपूरचा नवतपा ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही, ४५ डिग्रीत सीटबेल्टची क्लिप मांडीला टेकली की माणसाला थेट आजी आठवते. बायकोने जाळीसमोर हात धरला आणि शांतपणे विचारलं, "हीटर लावलाय का?"

मागच्या सीटवर सासरे होते. वरूडहून दात दाखवायला आलेले, चाळीस वर्षांची तंबाखू डॉक्टरने बंद केली त्याला अकरा दिवस झालेले, त्यामुळे मूड कसा असेल ते समजून घ्या. ते म्हणाले, "गॅस संपला असेल, जवाईबापू."

हे वाक्य पुढच्या पंधरा दिवसांत मी वॉचमन, दूधवाला, ऑफिसातला शिपाई आणि इस्त्रीवाला, सगळ्यांकडून ऐकलं. महाराष्ट्रात एसी बिघडला की गॅस संपतो आणि माणूस बिघडला की नजर लागते, तिसरं कारणच नसतं.

गेलो गॅस भरायला. पोराने लाल-निळ्या नळ्यांचं मीटर लावलं, बीपी बघतात तसा चेहरा केला, म्हणाला "हाव, कमी आहे थोडा", आणि १८०० रुपये घेतले. घरी येईस्तोवर वर्धा रोडवर असा गार वारा की सासऱ्यांनी शेला पांघरला. आणि दुसऱ्या दिवशी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला पुन्हा भट्टी! सिग्नल सुटला, गाडी पळाली, परत गार. मग कळलं की हे असंच आहे, गाडी पळते तोवर शिमला, थांबली की चंद्रपूर.

आता यावर उपाय काय, तर थांबायचंच नाही. सिग्नल लाल दिसला की मी डावीकडे वळायचो, कुठे का जाईना. सासरे गार हवेत झोपायचे, गाडी थांबली की घामाने जागे व्हायचे आणि विचारायचे "आलं का?", म्हणून दाताच्या दवाखान्यासमोरून मी त्यांना तीनदा नेलं, पार्किंग मिळेपर्यंत. चौथ्यांदा ते म्हणाले, "ही पाटी मी मघाशी पाहिली."

परत त्याच पोराकडे. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी गॅस भरला, ६०० रुपये. आता तर पळतानाही गरम यायला लागलं. दुसरीकडे दाखवलं तर तिथला माणूस म्हणाला, डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल काढावी लागेल, नऊ हजार, आणि खोललेला डॅशबोर्ड परत बसेल की नाही यावर तो काही बोलला नाही. मी पाणी प्यायचं निमित्त काढून तिथून पळालो.

शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. टपरीएवढं दुकान. त्याने मीटर काढलंच नाही. "एसी लावा," म्हणाला, आणि मगभर पाणी घेऊन समोरच्या जाळीतून आत कंडेन्सरवर ओतलं. अर्ध्या मिनिटात आतून बायको ओरडली, "गार येतंय!"

मी म्हटलं, चाचा, मग काय प्रत्येक सिग्नलला मग घेऊन उतरू?

तो हसला आणि मग त्याने जे सांगितलं ते मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं. एसी थंडी तयार करत नाही, आतली गरमी उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये गॅस गरमी पितो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि समोरच्या कंडेन्सरमध्ये तो ती गरमी वाऱ्याला देऊन टाकतो. वारा गाडी पळताना फुकट मिळतो, थांबल्यावर पंख्याने द्यायचा. तुमचा पंखाच बंद आहे. आणि गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला, नळ्यांतच फिरतो, कमी झाला तर कुठेतरी लीक शोधायचा असतो. पंखा बंद असताना वरून जास्तीचा गॅस कोंबला तर प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर स्वतःच बंद पडतो.

म्हणजे २४०० रुपये देऊन मी एसी जास्त बिघडवून घेतला होता. (बायकोला आकडा १२०० सांगितलाय.)

पंखा का बंद? चाचांनी बोनेटमध्ये हात घालून एक वायर वर काढली. सुबक कुरतडलेली. बाजूला अर्धी पोळी, कांद्याची सालं आणि आमच्याच पायपुसण्याचे धागे, उंदराने इंजिनावर टू-बीएचके टाकला होता. वायर जोडून, जास्तीचा गॅस कमी करून ३५० रुपये. वर चाचांनी सल्ला दिला की कडक तंबाखू कापडात बांधून बोनेटमध्ये ठेवा, वासाने उंदीर येत नाही.

ठेवली. एसी आता सिग्नललाही गार. सासऱ्यांचे दात कधीचे झाले, पण त्यांचा पाय काही निघत नाहीये. उलट रोज पहाटे खाली जाऊन बोनेट उघडतात, म्हणे, "वायर पाहून येतो, जवाईबापू, उंदराचा काय भरोसा."

काल मी पुरचुंडी उचलून पाहिली. अर्धी झालीये. गाठ मात्र व्यवस्थित मारलेली आहे.