धुळ्याच्या ताईंनी झापलं, त्यावर थोडं

ताई, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी हायफूबद्दल (म्हणजे अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने चेहऱ्याची कातडी टाइट करायची ट्रीटमेंट) उगाच भीती घालतेय, सुई नाही टाके नाही, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-मशीनना मंजुरी देणारं तिथलं सरकारी खातं) पास केलेली ट्रीटमेंट आहे, तुमच्या वहिनींनी पार्लरमध्ये करून घेतली तर नुसती सूज आली, बाकी काही नाही, आणि मी मेडिकल चालवते म्हणजे डॉक्टरांकडून कमिशन खात असणार. कमिशनचं राहू द्या, त्यावर घरात सगळे हसले. बाकीचं बोलू.

वहिनींना सूज आली ते नॉर्मलच आहे हो. लाली काही तासांत जाते, सूज काही दिवसांत उतरते, हात लावला की दुखणं, मुंग्या येणं हे कधी दोन-तीन आठवडेही चालतं. त्याला मी कुठे घाबरा म्हटलं? पण एफडीएचं तुम्ही जे लिहिलंय ते अर्धं आहे. 2009 मध्ये मंजुरी मिळाली ती अल्थेरा नावाच्या मशीनला, तीही भुवई उचलण्यासाठी, आणि हनुवटीखालच्या आणि मानेच्या कातडीसाठी 2012 मध्ये. त्या मशीनमध्ये आतले थर स्क्रीनवर दिसतात. स्वस्तातल्या बऱ्याच हायफू मशीनमध्ये ते दिसत नाही, सगळं अंदाजाने चालतं, आणि एका मशीनची मंजुरी दुसऱ्याला लागू होत नाही, शेजाऱ्याच्या लायसनवर आपण गाडी चालवावी तसला प्रकार.

आता आत काय होतं ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. मशीनच्या हँडपीसला, म्हणजे चेहऱ्यावर टेकवायच्या दांड्याला, लावायच्या कार्ट्रिज साधारण 1.5, 3 आणि 4.5 मिलिमीटर खोलीच्या येतात, आणि त्या खोलीवर ठिपक्याठिपक्यांनी 60 ते 70 अंश तापमान होतं. म्हणजे मुद्दाम भाजतातच, त्याने कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन आकसतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवीन तयार होतं. मग जेल कमी पडलं किंवा हँडपीस कातडीला सपाट टेकला नाही की तीच उष्णता वर येते. आमच्या काउंटरवर एक बाई स्कार्फ सोडून उभी राहिली, जबड्यावर कंगवा ओढल्यासारख्या उभारलेल्या लाल रेघा, एकीकडे बारीक फोड, आणि मागते काय तर 'गोरं व्हायची ट्यूब'. असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दिली नाही, स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवली. आपल्या सावळ्या रंगावर भाजलेल्या जागी काळे डाग उरतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

जबड्याच्या कडेला एक नस असते, तिला चटका बसला की खालचा ओठ एका बाजूला नीट उतरत नाही, हसू वाकडं दिसतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण लग्नाच्या सीझनमध्ये ते आठवडे काढायचे कसे ते तुम्हीच सांगा. आधीच बारीक चेहरा असेल तर चरबी कमी होऊन गाल आत जाऊ शकतात. आणि डोळ्याजवळ चुकीचं मारल्यामुळे मोतीबिंदू झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, त्याबाबतीत मी एक शब्द मागे घेणार नाही.

काळजीचं म्हणाल तर इंटरनेटवरच्या याद्या थंड देशांच्या असतात. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात 45 अंश सहज होतं, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी यायच्या आधी चेहरा टाइट करून घ्यायची फॅशन आलीय. मग दुसऱ्याच दिवशी चुलीपुढे बसून खापरावर मांडे भाजायचे! ते नको. एक-दोन दिवस चूल, वाफ, गरम पाण्याने तोंड धुणं, जिम, मसाज सगळं बंद. रेटिनॉलची क्रीम आणि पील डॉक्टर सांगतील तोपर्यंत लांब. दुपारी बाहेर जायचंच तर सनस्क्रीन लावून वर स्कार्फ, पण घट्ट आवळून नाही. बर्फ थेट कातडीवर नको, मुंग्या असताना चटका बसला तरी कळत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं बहुतेकांना.

फोड आला, ओठ एकीकडे ओढला, किंवा नजर धुरकट झाली तर पार्लरला फोन करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईने, पेसमेकर असणाऱ्याने, चेहऱ्यावर जखम किंवा पू असलेले मोठे पिंपल्स असताना तर करूच नये, आणि फिलर (चेहरा भरीव दिसावा म्हणून घेतलेलं इंजेक्शन) घेतलं असेल तर आधी सांगायचं.

वहिनींना कोणत्या मशीनने केलं आणि कार्ट्रिज किती मिलिमीटरची होती, ते विचारून इथे खाली लिहा ना. पार्लरवाल्यांनी सांगितलं तर.